इवाओ आजोबांचा तुकडा

"ऊठ," इवाओ आजोबा दाराबाहेरून म्हणाले, "समुद्र थांबलाय."

मी रजई बाजूला केली आणि कान दिला. खरंच काही ऐकू येत नव्हतं. मी कोकणातल्या आचऱ्याची, मासेमारी करणाऱ्या गाबितांच्या घरातली. जन्मल्यापासून लाटा कानाशी. आवाज असतो तेव्हा त्याच्याकडे लक्षही जात नाही, पण तो नसला की छातीत धस्स होतं. तशीच उठून स्वयंपाकघरात आले. आजोबा चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे होते. काल जिथे राखाडी पाणी होतं तिथे आज नजर पोचेल तिथवर पांढरा बर्फ पसरला होता.

"आला," ते म्हणाले.

"एवढा?"

"हा नुसता पदर. मागून अख्खं लुगडं यायचंय."

आता जपानी म्हातारा लुगडं कुठून म्हणणार? मी त्यांचं बोलणं माझ्या भाषेत सांगते आहे, तेव्हा तेवढं चालवून घ्या. आशय तोच होता.

जपानच्या पार उत्तरेला, होक्काइदोच्या किनाऱ्यावर, पोन्तो नावाचं एक खारं सरोवर आहे. समुद्राला त्याचं एकच तोंड, तेही अरुंद. मी आपली त्याला खाडीच म्हणायचे. त्या खाडीत कालवांची शेती. पाण्यात फ्लोट, फ्लोटांना दोर, दोरांना टांगलेली कालवं, घराघराची जागा वेगळी. मी तिथे शिकाऊ म्हणून गेले होते, इवाओ आजोबांच्या घरी. आमच्याकडे बायका सुकती लागून पाणी उतरलं की खडकावर जाऊन कालवं फोडतात, बोटं रक्तबंबाळ करून घेतात. ती पाण्यात वाढवता येतात हे मी एका शिबिरात ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आमच्या खाडीत हे करायचंच. घरच्यांनी वेड्यात काढलं, पण मी गेले.

दीड वर्षात पुष्कळ शिकले होते. एकच गोष्ट राहिली होती, आणि तीच मुळाची: कालवांचं बी धरणं. ते काम उन्हाळ्यातलं. पहिल्या उन्हाळ्यात मी पोचले तेव्हा हंगाम उलटला होता, दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी बिघडून बी धरलंच नाही. "येत्या उन्हाळ्यात शिकवतो," आजोबांनी शब्द दिला होता. बी धरता आलं नाही तर बाकीचं सगळं शिकून शून्य. मी त्या उन्हाळ्यावर डोळे लावून बसले होते.

आणि आधी हा हिवाळा निभावायचा होता.

उत्तरेकडून समुद्रावरून वाहत येणारा बर्फ खाडीचा दुष्मन. खाडी आपली आपण गोठली तर काळजी नसते. घरचा बर्फ एका जागी निवांत पडतो, त्याच्याखाली कालवं सुखात असतात. बाहेरचा आत घुसला की मात्र दोर कापतो, फ्लोट ओढून नेतो आणि कालवं तळाच्या चिखलात पुरतो. त्या वर्षी थंडी कमी पडली होती. खाडी गोठलीच नव्हती. आत मोकळं पाणी, आणि दारात हा येऊन उभा.

मध्ये होता तो फक्त अडसर. खाडीच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला मनगटाएवढा नायलॉनचा दोर, त्याला पिंपाएवढे फ्लोट, खाली जाळं. हा अडसर कोणा एकाच्या मालकीचा नव्हता. आमच्याकडे घराघरांतले जाळ्याचे तुकडे जोडून किनाऱ्यावरून ओढायची एक लांबलचक रापण होते ना, अगदी तसंच. प्रत्येक घराचा एक तुकडा. ज्याने त्याने तो आपल्या शेडमध्ये दुरुस्त करायचा, घराची खूण कोरलेली लाकडी पाटी त्याला बांधायची आणि मग सगळ्यांनी मिळून तुकडे जोडून तोंडावर ताणायचे. कोणाचा कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला त्या परक्या मुलखात एकदम घरच्यासारखं वाटलं होतं.

एक रीत मात्र आमच्यात नव्हती. ज्या घराचा तुकडा तुटला त्या घराने पाणी सोडायचं. असा काही नियम नाही, कोणी कोणाला हाकलत नाही. तो माणूस स्वतःच दारोदार जाऊन वाकतो, आणि आपली खाडीतली जागा परत देतो.

"माझ्यासमोर दोनदा झालंय," आजोबांनी सांगितलं होतं. "कोणी जा म्हणालं नाही. पण राहिलंही कोणी नाही."

आजोबांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. आमचा तुकडा मीच सांधला होता, दोराच्या टोकाच्या लडी उसवून त्या परत दोरातच फेऱ्याफेऱ्याने ओवून.

त्या सकाळी आम्ही दोघं तोंडाशी गेलो तर आधीच निम्मं गाव जमलेलं. बर्फाचे खोलीएवढाले तुकडे अडसरापर्यंत येऊन टेकले होते आणि दोर त्यांच्या भाराने आत खाडीकडे वाकला होता. मध्येच एखादा फ्लोट बुडायचा, परत वर यायचा. फुमिए काठावर उभी होती. ती आमच्या शेजारची, पस्तिशीची, दोन लहान पोरांची आई. मी मनात तिला फुमिएताई म्हणायचे. एकदा चुकून तोंडावरही म्हटलं आणि त्याचा अर्थ सांगितला, तेव्हापासून ती ताईच झाली.

"तुझा कुठला?" तिने विचारलं.

"तो मधला. त्याच्या डाव्या हाताला तुमचा, ना?"

"हो." ती त्या फ्लोटावरून नजर काढत नव्हती. तिच्या नवऱ्याला, काझुओला, उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला होता. "पहिल्यांदाच मी एकटीने केलाय. काझुओ पडल्या पडल्या सांगत होता, पण त्याची जीभ वळत नाही. अर्धं कळलं. बाकी सासूबाई करायच्या ते बघितलेलं आठवत होतं, तसं केलं."

"मला हाक मारायची होतीत ना, ताई."

"तुला तरी किती राबवायचं? आजोबांचं सगळं तूच करतेस."

आजोबा पलीकडून म्हणाले, "दोर नवा आहे. टिकेल."

"टिकेल ना?" तिने लगेच विचारलं.

"टिकेल म्हणतोय ना."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वारा फिरला आणि थेट समुद्रावरून खाडीत घुसायला लागला. आम्ही शेडमध्ये होतो. तोफेसारखा वगैरे आवाज होईल असं मला वाटायचं, तसं काही झालं नाही. एक फट्ट झालं, ओला कपडा दगडावर आपटावा तेवढंच. आजोबांनी हातातलं खाली ठेवलं.

बाहेर आलो तेव्हा अडसराच्या मधोमध खिंडार पडलं होतं आणि त्यातून बर्फ आत येत होता. घाई नाही, गडबड नाही. जत्रेला माणसं निघावीत तसा एकामागून एक आत शिरत होता. समोरच आमची रांग होती. पिवळे फ्लोट एकेक करून कलायचे, बुडायचे, आणि परत वर येत नव्हते. त्यानंतर फुमिएताईची रांग. मग पलीकडच्या नागाईंची, मग पुढची. काठावर सगळी माणसं हात खाली सोडून उभी होती. बर्फात होडी घालणं म्हणजे जीव घालणं, तेव्हा करण्यासारखं काही नव्हतंच. मी रडत होते हे मला नाकाखाली गार लागलं तेव्हा कळलं. दीड वर्ष त्या कालवांना मी पोटच्या पोरांसारखं धुतलं, उलटलं, मोजलं होतं.

"आत चल," आजोबा म्हणाले. "बघून काय होणार?"

दुसऱ्या दिवशी उजाडलं तर वारा पडला होता. तुटलेला दोर वाहत येऊन आतल्या वाळूच्या दांड्यावर पडला होता, फ्लोट, जाळं, सगळं एका ढिगात. कोणाचा तुकडा तुटला ते कळायला तिथे जायला हवं होतं. मोडलेली वस्तू आधी वयाने सगळ्यांत मोठा असेल त्याने बघायची, ही तिथली आणखी एक रीत. म्हणजे इवाओ आजोबांनी. त्यांना वाळूत नीट चालवत नाही म्हणून ते मला घेऊन गेले. बाकीचे लोक अलीकडे, शेडपाशी थांबले.

खरं सांगते, मी देवाला हात जोडतच चालत होते. रामेश्वरा, आमचा नको. दुसरं काही मागत नाही.

ढिगात दोन तुकडे होते, आमचा आणि फुमिएताईचा. मी गुडघ्यावर बसले आणि जाळं बाजूला केलं. माझा सांधा दिसला. धड होता. पाचही फेरे जागच्या जागी, एक लड हललेली नव्हती. मी त्याच्यावरून हात फिरवला आणि मला हसूच फुटलं.

"आपला नाही, आजोबा. हा बघा. आपला नाही."

ते फुमिएताईच्या तुकड्याचं टोक बघत होते. तिथे सांधाच उरला नव्हता. दोर तुटलेला नव्हता, सांधा निसटला होता. लडींना पडलेल्या वळ्या अजून दिसत होत्या. मी मोजल्या. तीन फेरे.

मला लगेच कळलं. पूर्वी आमच्याकडे काथ्याचे नि तागाचे दोर होते तेव्हा तीन फेरे पुष्कळ व्हायचे. ते दोर खरखरीत, एकमेकांना धरून राहतात. नायलॉन गुळगुळीत. त्याला पाच हवेत, नाही तर भार आला की निसटतो. माझ्या बाबांनी एक होडी घालवून हे शिकून घेतलं होतं. फुमिएताईची सासू तागाच्या जमान्यातली. तिचं बघून हिने केलं, आणि काझुओची जीभ वळली नाही.

"चाकू दे," आजोबा म्हणाले.

मी दिला. ते कसेबसे खाली बसले आणि त्यांनी आमच्या तुकड्याची पाटी कापली. मग फुमिएताईची कापली. मग खिशातून दोरी काढून आमची पाटी त्या निसटलेल्या तुकड्याला बांधायला लागले. वाकड्या बोटांनी त्यांना गाठ बसेना.

"आजोबा, काय करताय?"

"दिसतंय ना."

"आपला धड आहे. माझा सांधा धड आहे."

"बघितला मी. उत्तम आहे."

"मग?"

"काझुओला कूस बदलता येत नाही. तिच्या पदरात दोन पोरं. पाणी सोडून ती जाईल कुठे?" ते गाठीशी झटत होते. "मी अठ्ठ्याहत्तरचा झालो. मुलगा साप्पोरोला बोलावतोच आहे. आज नाही तर उद्या जायचंच आहे मला."

"आणि मी?"

त्यांनी मान वर केली. मी तिथे उभी आहे हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं असावं, असं त्यांचं तोंड झालं.

"तू..." ते म्हणाले. "तुला तर घरी जायचंच होतं कधीतरी."

"उन्हाळ्यानंतर."

ते परत गाठीकडे वळले.

"सांधा मी केलाय हे सगळ्यांना माहीत आहे, आजोबा. तुमचे हात सगळ्यांनी बघितलेत. ते काय म्हणतील? परकी पोर आणली, तिने खाडी बुडवली. मला दुसरं कोण घरात घेईल? माझ्यामागून आमच्याकडची कोण पोरगी इथे येईल?"

ते खाली बघत राहिले. शेडपाशी लोक हलायला लागले होते. कोणीतरी हाक मारली, "काय आहे?"

"मी तिचा विचार केला," आजोबा हळूच म्हणाले. "तुझा सुचला नाही." आणि त्यांनी दोरीची टोकं माझ्यापुढे धरली. "बांधतेस का? माझ्याने होत नाही."

मला त्यांचा इतका संताप आला होता की ती पाटी समुद्रात भिरकावून द्यावी. शेडपाशी फुमिएताई दिसत होती. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते. मी खाली बसले आणि दोन्ही पाट्या अदलाबदल करून बांधल्या. का बांधल्या ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही धड सांगता येत नाही.

दुपारी मच्छीमार संघाच्या सभागृहात सगळे जमले. नागाई हे संघाचे प्रमुख. भला माणूस, पण त्याच्या स्वतःच्याही सगळ्या रांगा गेल्या होत्या आणि डोळे लाल झाले होते. आजोबा पुढे गेले, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं.

"माझा तुकडा गेला. सांधा मी केला होता."

मग मागून एक जण, आवाज न चढवता, म्हणाला, "इवाओच्या हाताने चहाचा कप धरवत नाही."

माना एकेक करून माझ्याकडे वळल्या. शिवी कोणी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मी चारचौघांत कशी तोंड वाजवते ते आमच्या वाडीत विचारा. नुसतं बघत होते. एक म्हातारी शेजारणीच्या कानात काहीतरी म्हणाली आणि शेजारणीने मान हलवली.

तोंड उघडायची हीच वेळ होती. ढीग अजून वाळूवरच पडला होता. नायलॉनला तीन फेरे घालणारा हात कोणाचा आणि पाच घालणारा कोणाचा, हे दोघींना एकेक दोर हातात देऊन पाच मिनिटांत दाखवता आलं असतं. मी उठून उभी राहिले. फुमिएताई दोन रांगा पुढे बसली होती, धाकटा मांडीवर. तीही वळून माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. रात्रभर जागलेल्या आणि आत्ताच सुटका झालेल्या बाईचं तोंड होतं ते. ती माझ्यासाठी हळहळत होती, पण खांदे मोकळे झाले होते तिचे.

"सांधा माझा होता," मी म्हटलं आणि वाकले.

"बरं," नागाई म्हणाले. एवढंच.

संध्याकाळी आईला फोन केला. तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती मध्ये बोलली नाही. आई गप्प बसते तेव्हा मला भीती वाटते.

"आणि तू गप ऱ्हवलंस?" शेवटी तिने विचारलं.

"होय."

"कित्याक?"

"तिची पोरां लहान असत गो आई."

"असतली. त्या म्हाताऱ्याक सांग माझो निरोप. वाढूचां तर आपल्या ताटातलां वाढूचां, दुसऱ्याच्या न्हय." मग तिचा आवाज फुटला. "तुझ्या बापाशीन शिकवलेलो सांधो. लोक म्हणतले तुटलो."

"हयच्या लोकांक बाबा खंय म्हायत?"

"माका म्हायत हा," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

निरोप मी आजोबांना दिला नाही. त्यांना दिवसभरात धड घास गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दारोदार निघालो. आजोबा पुढे, मी एक पाऊल मागे. प्रत्येक दारात तेच. बेल, दार उघडायचं, आम्ही कमरेत वाकायचं, आजोबा म्हणायचे, आमच्यामुळे तुमचं नुकसान झालं, पाणी परत देतो आहोत. समोरचाही वाकायचा. काही जणांनी आजोबांचा हात धरला. माझा कोणी धरला नाही. एका घरी दार उघडणारी बाई मला बघून आत निघून गेली आणि तिच्या नवऱ्याने आमच्या पायांकडे बघत दार लावून घेतलं. नागाई म्हणाले, "पोरीला विमानतळापर्यंत सोडायला गाडी देतो." तारखेचंही त्यांनी विचारलं नाही, मी जाणार हे धरूनच चालले होते.

फुमिएताईचं घर शेवटचं. मी मुद्दामच शेवटी ठेवायला लावलं होतं. तिने दार उघडलं आणि मी वाकायच्या आधीच माझे दंड धरले.

"वाकू नकोस. आत ये. आजोबा, तुम्हीपण."

आतल्या खोलीत काझुओ भिंतीकडे तोंड करून पडला होता. पोरं शाळा-बालवाडीत. तिने आम्हाला शेगडीजवळ बसवलं, चहा दिला, आणि माझ्यासमोर बसून रडायला लागली.

"माझा राग नाही तुझ्यावर," ती म्हणाली. "ऐकतेस का? सगळ्या गावाचा असला तरी माझा नाही. तू काय मुद्दाम केलंस? चूक कोणाकडूनही होते. मला तर वाटत होतं माझाच तुकडा जाणार. माझी काय लायकी? पण टिकला. सासूबाईंची पुण्याई."

आजोबा कपात बघत होते.

"मी तुला माफ केलंय, समिधा. घरी जाशील तेव्हा हे लक्षात ठेव."

मी म्हटलं, "बरं, ताई." दुसरं काय म्हणणार? ज्या बाईचा सांधा निसटला ती मला माफ करत होती, आणि तेही मनापासून. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि तिथून पळून जावंसंही वाटत होतं.

तिने डोळे पुसले आणि एकदम उठली. कोपऱ्यातून दोराचा एक हातभर लांब, जाड तुकडा घेऊन आली, नायलॉनचाच.

"हे शिकून जा," ती म्हणाली. "तुमच्याकडे खाडीत तुला शेती करायची आहे ना? मग सांधा पक्का यायला हवा. मी दाखवते. सासूबाईंचा. बघितलास ना, कसा टिकला?"

तिने लडी सोडवल्या आणि सांधायला घेतलं. हात सफाईदार होता तिचा. एक फेरा, दोन, तीन. ओढून घट्ट केलं आणि टोकं कापायला कात्री उचलली.

"झालं," ती म्हणाली. "पुढच्या डिसेंबरात मी नागाईंना सांगणार आहे, सगळ्यांनी असाच करायचा."

मी आजोबांकडे बघितलं. त्यांनीही तो सांधा बघितला होता. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला होता. पुढच्या हिवाळ्यात ते साप्पोरोत असणार, मी आचऱ्यात. आणि इथे सगळ्या अडसराला तीन फेऱ्यांचे सांधे. मी थांबले. बोला म्हटलं मनात, आजोबा, आता तुम्ही बोला, तुम्ही केलंय हे. ते काझुओच्या पाठीकडे बघत होते.

मग मीच तिच्या हातातली कात्री धरली.

"ताई, एक ऐकाल?"

"बोल की."

"माझा सांधा का निसटला ते मला माहीत आहे." बाबांनी मला आठव्या वर्षी, मांडीवर बसवून, मोजून पाच शिकवले होते. "मी आळस केला. फेरे कमी घातले. नायलॉनला पाच लागतात, कमी घातले की भार आल्यावर निसटतो. तुम्ही पाच घाला. सगळ्यांना पाच सांगा."

"कमी म्हणजे? किती घातले होतेस?"

"तीन."

तिने हातातल्या दोराकडे बघितलं. शेगडीवर किटली उकळत होती. तिने बोटाने फेरे मोजले. मग खिडकीतून बाहेर, वाळूच्या दांड्याकडे बघितलं, तिथे तो ढीग अजून पडला होता. आणि मग आजोबांकडे. आजोबांनी डोळे मिटून घेतले.

आत काझुओने काहीतरी आवाज केला. पाणी हवं असेल. ती उठली नाही. तिने कात्री खाली ठेवली, सांधा उलगडला आणि पहिल्यापासून घालायला घेतला. लडी जागेवर बसत नव्हत्या. चौथा फेरा घातला. पाचवा घातला. आम्ही उठलो, दारात बूट चढवले, तरी तिने मान वर केली नाही. आजोबांनी दार ओढून घेईपर्यंत ती तो दोर ओढून ओढून बघत होती.